मागून ठोकलं म्हणून माझी गाडी पुढच्यावर गेली, पैसे मी का द्यायचे?

तुमचं असं की वर्धा रोडवर सिग्नलला चार गाड्या एकामागोमाग भिडल्या, तुमची तिसरी, अन् दुसऱ्या नंबरवाला आता तुम्हालाच बंपरचे पैसे मागून राहिला. देऊ नका भाऊ. आधी त्याला एवढंच विचारा, धक्का एक बसला की दोन?

माझं अजनी चौकात सेम झालं होतं. मी उभा, हँडब्रेक ओढलेला, मागून पिकअपने स्विफ्टला ठोकलं, स्विफ्ट माझ्यावर अन् मी समोरच्या काकांच्या डिक्कीत. काका उतरले ते थेट माझ्या खिडकीशी, "दिसत नाही का बे?" मी धक्क्याचं विचारलं तर ते विचारात पडले, पण मागे बसलेल्या काकूंच्या मांडीवर कढीचा डबा होता, त्या म्हणाल्या एकदाच सांडली. एकच धक्का म्हणजे मला मागून ढकललं, माझा काय दोष? दोन बसले असते तर पहिला माझा, मी आधीच ठोकलं अन् मग मागचा येऊन आदळला, तेव्हा मला हात वर करता आले नसते.

गाड्यासुद्धा सांगतात. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली बसतं, म्हणून ब्रेक मारता मारता ठोकलं असेल तर मार बहुतेक पुढच्याच्या बंपरच्या खालच्या बाजूला दिसतो. गाड्या हलवायच्या आधी बाजूने फोटो काढलेत ना?

मागच्याने पुढची गाडी अचानक थांबली तरी धडकणार नाही एवढं अंतर ठेवायचं, हे १९८९ च्या वाहतूक नियमांतही होतं, म्हणून आधी बोट मागच्याकडेच जातं. पण दर वेळी पूर्ण दोष त्याचाच असं नाही. कोइम्बतूरच्या केसमध्ये हायवेवर गरोदर बायकोला मळमळलं म्हणून कारवाल्याने इशारा न देता ब्रेक मारला, मागचा बाईकवाला आदळून पडला अन् मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये कारवर ५० टक्के, बसवर ३० अन् बाईकवाल्यावर २० टक्के दोष टाकला. सिग्नलला थांबणं वेगळं, तिथे तर थांबायचंच असते.

आता पैशाचं. तुमची पॉलिसी फुल असेल तर स्वतःच्या गाडीचा क्लेम आपल्याच कंपनीकडे टाका, दोष कोणाचा का असेना, पण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट, जाईल (मला तेच जास्त लागलं). नुसती थर्ड पार्टी असेल तर मागच्याचा गाडी नंबर अन् विमा लिहून घ्या, पोलिसांत नोंद करा अन् मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा टाका. अन् रस्त्यावर "माझी चूक" असं कोणाला लिहून दिलं नाही ना? दिलं असेल तर खाली सांगा, मग वेगळं बोलू.