गट शांत आहे म्हणजे सगळं ठीक आहे का? निवासी संस्थांमधून आलेले प्रश्न

यावेळचे प्रश्न मुलांच्या निवासी संस्थांमध्ये काम करणाऱ्या वेगवेगळ्या लोकांचे आहेत, कुणी गृहमाता आहे, कुणी अधीक्षक, कुणी नुकताच टीम लीडर झालाय, पण गोंधळ तोच जो मला वर्षानुवर्षं ऐकू येतोय: आवाज नाही, तक्रार नाही, म्हणजे गट छान चाललाय. मुलांच्या गटाबद्दलही हेच आणि स्टाफबद्दलही हेच. म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतेय.

प्रश्न: नवीन मुलं आल्यापासून भांडणं वाढलीत. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की हा 'स्टॉर्मिंग'चा, म्हणजे नव्या गटात खटके उडण्याचा, टप्पा असतो, तो होऊ द्यायचा, मध्ये पडायचं नाही. किती दिवस थांबू?

एक दिवससुद्धा थांबू नका. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गट घडण्याचे ते टप्पे मांडले ते गटांवर आधी छापून आलेले ५० लेख वाचून, आणि त्यातले बरेचसे थेरपी ग्रुपवरचे, म्हणजे मानसोपचारासाठी जमणाऱ्या गटांवरचे होते. गटांमध्ये साधारण काय घडतं याचं ते वर्णन आहे, 'मुलांना भांडू द्या' असा सल्ला त्यात कुठेच नाही. ऐकीव माहिती अशी फिरत फिरत येते आणि मग एखादं पोर रोज मार खातं आणि मोठी माणसं टप्पा संपायची वाट बघत बसतात. तुमच्या मुलांना त्याच छताखाली झोपायचंय, त्यांना उठून जायला दुसरी जागा नाही. नवीन मूल येणार हे गटाला आधी सांगा, कोण कुठे झोपणार हे मुलांवर न सोडता तुम्ही ठरवा, आणि पहिले काही आठवडे जेवण, अंघोळ आणि झोपायच्या वेळी मोठं माणूस जवळ हवंच. आणि दर वेळी मार खाणारा तोच असेल तर त्याला भांडण म्हणू नका, तो छळ आहे, आजच समुपदेशकाला बोलवा.

प्रश्न: शिफ्ट बदलताना हँडओव्हर, म्हणजे पुढच्याला द्यायची माहिती, तोंडी दिला तर चालेल का?

तोंडी द्याच पण लिहूनही ठेवा, आणि येणाऱ्यानं ते वाचल्याशिवाय मुलांमध्ये जाऊ नये.

प्रश्न: मुलाचे वागणुकीचे पॉइंट कमी झाले की आम्ही त्या आठवड्याचा घरचा फोन बंद करतो. योग्य आहे का?

नाही, ही शिक्षा आजपासून बंद करा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी काळजीच्या, म्हणजे आईवडिलांपासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या काळजीच्या, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्पष्ट लिहिलंय की कुटुंबाशी संपर्क तोडणं ही शिक्षा म्हणून कधीच वापरायची नाही. सुरक्षेसाठी संपर्कावर बंधन असेल तर ती वेगळी गोष्ट, ते मुलाची केस बघणाऱ्यांशी बोलून ठरतं.

प्रश्न: एक कंपनी आमच्या टीमची 'कलर पर्सनॅलिटी' टेस्ट (प्रत्येकाच्या स्वभावाला एक रंग देणारी) घेऊन दोन दिवसांत टीम बिल्डिंग करून देते म्हणतेय. घ्यावं का?

तोच पैसा बाहेरच्या अनुभवी माणसाकडून नियमित सुपरव्हिजन, म्हणजे स्वतःच्या कामाबद्दल बोलून मार्गदर्शन, घ्यायला वापरा. दोन दिवस सगळे हसतात खेळतात, सर्टिफिकेट मिळतं, आणि 'मी लाल आहे, मी असाच बोलणार' एवढं एक वाक्य टीममध्ये कायमचं राहतं. ज्या ड्युटीवर माणूस कमी आहे तिथे माणूस काही त्या टेस्टनं येत नाही.

प्रश्न: आमच्याकडे सोळा वर्षांचा एक मुलगा आहे, सगळी मुलं त्याचं ऐकतात. रात्री ड्युटीला एकच जण असतो म्हणून आम्ही त्याला मॉनिटर केलंय. तेव्हापासून एकदम शांतता आहे. पण नवीन समुपदेशक म्हणतात हे बंद करा. चूक काय आहे यात?

तुमच्या समुपदेशकांचं बरोबर आहे, आणि यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान मी याच एका व्यवस्थेनं झालेलं बघितलंय.

मुलं त्याचं का ऐकतात, हे कुणी विचारलंय का? तुम्ही नेमायच्या आधीपासून ऐकत होती, म्हणजे त्याच्याकडे ताकद आधीच होती, तुम्ही फक्त तिच्यावर संस्थेचा शिक्का मारलात. आता लहान मुलाला तक्रार करायची तर कुणाकडे करणार, ज्यांनी त्याला नेमलं त्यांच्याकडेच? संशोधक हॉवर्ड पोल्स्की यांनी एका निवासी संस्थेतल्या मुलांच्या घराचा जवळून अभ्यास केला होता, तो १९६२ मध्ये छापून आला. त्यात मुलांची उतरंड दिसते, वर दांडगे, सगळ्यात खाली सगळ्यांचा राग ज्यांच्यावर निघतो ती मुलं, आणि घर सांभाळणारी मोठी माणसं त्या उतरंडीशी जुळवून घेऊन दिवस काढतायत. वाईट माणसं होती म्हणून नाही, माणसं कमी आणि थकवा जास्त, म्हणून.

आणि शांततेबद्दल. कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये दहा वर्षांच्या मुलांच्या छोट्या क्लबांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात हुकूमशाही पद्धतीनं चालवलेले बहुतेक क्लब गप्प गप्प होते, पण मोठा माणूस खोलीबाहेर गेला किंवा मोकळं वातावरण मिळालं की दाबलेला राग उसळायचा. म्हणजे दिसणारी शांतता ही भीतीचीसुद्धा असू शकते, आणि ती कुणाच्या जिवावर टिकलीय हे रात्री झोपायच्या खोलीत कळतं, ऑफिसात नाही.

काही जण म्हणतील की मुलांना जबाबदारी द्यायला नको का. द्याच की. पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षक यानुश कोर्चाक यांच्या वॉर्सामधल्या अनाथगृहात मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं, न्यायाधीश मुलांमधूनच चिठ्ठ्या टाकून निवडले जायचे, आणि तिथे मोठ्यांविरुद्धही तक्रार करता यायची, खुद्द कोर्चाक यांच्यावरही झाल्या. फरक बघा, तिथे अधिकार फिरता होता, नियम लिहिलेले होते आणि सगळ्यात लहान मुलालाही दाद मागता येत होती. तुमच्याकडे एकाच मुलाच्या हातात सगळं आहे, ते सुद्धा रात्री.

मात्र उद्या सकाळी सगळ्यांसमोर त्याचं पद काढून घेऊ नका, एकतर तो ते लहानांवर काढेल किंवा लहान त्याच्यावर सूड उगवतील. आधी रात्रीच्या ड्युटीला दुसरा मोठा माणूस उभा करा, हे आजच्या आज, बजेटची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे हे कारण चालणार नाही. मग त्याच्याशी एकट्याशी बोला, तोही एक मूलच आहे, तुमचं काम त्याच्या खांद्यावर आलं होतं हे त्याला मोकळेपणानं सांगा. लहान मुलांशी एकेकट्यानं बोला, विश्वासातल्या माणसामार्फत. कोण आपल्या ताटातलं दुसऱ्याला देतंय, कुणाच्या वस्तू गायब होतायत, कोण बाथरूमला जायला टाळतंय, कुणाचं अंथरूण अचानक ओलं व्हायला लागलंय, हे बघा. मारहाणीचा किंवा लैंगिक छळाचा जरासाही संशय आला तर स्वतः चौकशी करत बसू नका, मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, त्याच दिवशी बालसंरक्षण यंत्रणेला कळवा.

प्रश्न: दहा दिवसांत तीन मुली पळून गेल्या, दोघी परत आल्या. तिसरीची वाट बघतोय. गेटची सिक्युरिटी वाढवू का?

वाट बघताय म्हणजे काय? पोलिसांना आणि बालसंरक्षण यंत्रणेला कळवलं नसेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी फोन करा. परत आलेल्या मुलींना आधी डॉक्टरांकडे न्या, जेवू घाला, उलटतपासणी नको.

गेटचं नंतर. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन इथल्या मुलींच्या संस्थेतून १९३२ मध्ये दोन आठवड्यांत चौदा मुली पळून गेल्या होत्या. मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी मुलींना कोण आवडतं, कोण नको वाटतं याचे नकाशे काढले होते, आणि पळून जाण्याची साखळी त्यांनी त्या नात्यांच्या जाळ्यावरून उलगडली. तुम्हीही तिघींची मैत्रीण कोण, त्यांचा दरारा कुणाला, त्या कुणाला घाबरतात हे कागदावर काढा. हे समुपदेशकासोबतच करा, आणि तो कागद मुलींच्या हाती लागू देऊ नका.

प्रश्न: एक सहकारी फार कडक आहे, दुसरी सगळं माफ करते. मुलं याचा फायदा घेऊन आमच्यात भांडणं लावतात. मुलांना कसं समजवायचं?

फट तुमच्यात आधीपासून होती, मुलांना ती फक्त सापडली. त्यामुळे सुरुवात मुलांपासून करू नका. संशोधक एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या नर्सिंग टीम्सचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी सापडतील असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात तिथे चुकांची नोंद जास्त निघाली, कारण तिथली माणसं चूक बोलून दाखवायला घाबरत नव्हती. गेल्या तीन मीटिंगमध्ये तुमच्याकडे 'काल माझं चुकलं' असं कोण म्हणालं ते आठवा. कुणीच नसेल तर त्या दोघांचं भांडण लपलेलं राहणार आणि मुलांच्या तोंडून बाहेर येणार. तीन-चार नियम असे ठरवा जे दोघं सारखेच पाळतील, बाकीचं ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडा, आणि तरी जमत नसेल तर बाहेरचा सुपरव्हायझर बोलवा, अधीक्षकांनी मध्ये बसून निवाडा करू नये.

प्रश्न: कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खायचो त्यांचाच आता टीम लीडर झालोय. नातं बदलेल का?

हो बदलेल, पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तसं बोला, आणि रजेचे अर्ज मित्राचेसुद्धा लेखीच घ्या.