आजोबांचं झाड कुठलं?

बाय,

फोटो बघून तू फोनवर विचारलंस, "पप्पा, त्या आजीवर झाड लावलं, मग आपल्या आजोबांचं झाड कुठलं?" ड्युटीची घाई होती म्हणून फोन ठेवला. खरं म्हणजे उत्तरच नव्हतं.

ती आजी आमच्या केअर होममधली. तिला पुरलं ते रानात. इंग्लंडमध्ये असं पहिलं रान १९९३ साली कार्लाइलच्या दफनभूमीत सुरू झालं, आता पुष्कळ आहेत. दगड नाही, सिमेंट नाही. मृतदेहाला टिकवायची औषधं टोचत नाहीत, आणि पेटी म्हणजे चक्क फोकांची विणलेली, आपली आजी मासे झाकते तशा टोपलीसारखी. पुरलं एप्रिलमध्ये, झाड लावलं नोव्हेंबरात. तोवर माती खचून बसते, आणि पानं गळल्यावरच इथे उघड्या मुळांचं रोप हलवतात. रोप कसलं, छडीच ती! सशांनी कुरतडू नये म्हणून भोवती नळी. तिच्या मुलाला जपानी चेरी हवी होती. नाही म्हणाले, इथल्या मातीतलंच झाड चालेल. मग रोवन नावाचं इथलंच झाड लावलं.

आता आपलं. पुरणं आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. तान्ही बाळं पुरतात, लिंगायत पुरतात, संन्याशाला समाधी देतात. पण आजोबांना दिला अग्नी, तोही परसातल्या आंब्याच्या लाकडांवर. म्हणजे झाड लावायचं सोडून आपण एक तोडलं. मी व्हिडिओवर बघत होतो. भटजींपेक्षा कुऱ्हाडीचाच आवाज जास्त येत होता. तिकीट मिळून घरी पोचलो तोवर अस्थी हरवळ्याच्या पाण्यात गेल्या होत्या. मला हात लावायलाही काही उरलं नव्हतं, म्हणून त्या रानात त्या मुलाचा मला जरा हेवाच वाटला.

पण बघ, तो मुलगा आईला भेटायला तिथे जाणार. आपल्यात उलटं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की माणूस मोकळा, आपण त्याच्या मागे जायचं नाही. म्हाळाला तोच येतो, जेवायला. आजी त्या दिवशी खतखत्यात तिरफळं जास्त का घालते, ते आता कळलं ना?

आणि केरीतली आजोबाची राय, म्हणजे देवराई? ते आजोबा म्हणजे गावचा देव, आपले नव्हेत. लहानपणी माझाही तोच घोळ व्हायचा. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही, तेव्हा आपलं झाड तिथे लावायचा विचारही करू नकोस.

घाटावर आता काही गावांत रक्षा नदीत न सोडता शेतात मिसळून झाड लावतात. पद्धत चांगली आहे, फक्त रक्षा खारट असते. नुसती मुळाशी ओतली तर रोप करपतं. आपली तर वाहूनच गेली. तरीही जूनमध्ये मी येईन तेव्हा त्या आंब्याच्या जागी काहीतरी लावू. तोवर खड्डा करून ठेव, दोन हात खोल, आणि शेण आजीकडून माग.

कुठलं झाड ते आजीलाच विचार. ती काजू म्हणेल, दोन पैसे येतील म्हणून. इथल्या रानात काजू नापासच झाला असता, पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला म्हणून. पण आजोबांना विचारलं असतं तर तेही काजूच म्हणाले असते.

तुझा,
पप्पा