‘मी ग्रुपवर काही लिहिलं की सगळे गप्प का होतात?’

गेल्या काही महिन्यांत समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा येतोय. “मॅडम, ग्रुपवर सगळे साड्यांवर बोलतात, मिसळ कुठली चांगली यावर भांडतात, आहेर किती द्यायचा ते एकमेकांना विचारतात. मी काही लिहिलं की शांतता. माझ्यातच काही कमी आहे का?” विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, निवृत्त काका असतात, पण जास्त करून असतात नव्या सुना. म्हणून मुक्ताबद्दल लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, तिची संमती घेतली आहे.

मुक्ता कोल्हापूरची, लग्न होऊन पुण्यात आलेली. दुसऱ्या भेटीत तिनं माझ्यासमोरच सासरचा ग्रुप उघडला. नणंदेनं पैठणीतला फोटो टाकला होता. मुक्तानं लिहिलं, ‘लई भारी दिसताय’. पुसलं. ‘खूप सुंदर’. पुसलं. ‘छान’. तेही पुसलं, आणि शेवटी नुसता अंगठा पाठवला. एवढ्यात तिच्या कपाळावर घाम आला होता.

“पहिलं वाक्य का पुसलंस?”

ती बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परतताना मी लिहिलं होतं, ‘स्टँडवर आलो’. आमच्याकडं बायकापण आलो-गेलोच म्हणतात. त्यावर दिरानं लिहिलं, ‘आलो? वहिनी, तुमच्या फोनवर कोण बोलतंय?’ खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.”

“आणि तू?”

“दोन वर्षं वाक्यच लिहिलं नाही.”

मी ज्या वाटेनं काम करते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. घटना आपल्याला जेवढी छळते, त्याहून तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, हे त्यांच्या शिकवणीचं सार. एलिस स्वतः तरुणपणी भयंकर बुजरे होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर अनोळखी स्त्रियांशी बोलायचं ठरवलं. ते सांगत, की सुमारे १३० जणींपैकी ३० उठून गेल्या आणि १०० जणी बोलल्या. हे ऐकून मुक्ता हसली, पण आतून हलली नव्हती. तिचा अर्थ पक्का होता: ‘ते हसले, म्हणजे मी या घरातली नाही.’

पुढच्या भेटींत मी तिला ग्रुपवरच्या आठवड्याभराच्या गप्पा नीट वाचायला लावल्या. कुणाकुणाला उत्तर मिळालं नाही? सासूबाईंच्या सुप्रभातला कुणीच विचारत नव्हतं. नणंदेच्या प्रश्नालाही दोनदा शांतताच होती. मुक्ता थोडी सैलावली, तरी बोटं अडतच होती.

खरी वाट सापडली ती स्वयंपाकघरातून. एकदा मी सहज विचारलं, “तुझा नवरा पुण्याचा. तांबडा रस्सा खातो?”

तिचे डोळे चमकले. “आता ओरपतो! आधी पांढऱ्यात दोन चमचे तांबडा घालून द्यायचे. मग चार.”

“पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं तेव्हा काय म्हणालीस?”

“म्हटलं, अहो, काय होत न्हाई, जीभ भाजत न्हाई, नुसतं वाटतंय...”

ती थांबली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा उरला. मग हळूच म्हणाली, “मला पण नुसतं वाटतंय का, मॅडम?”

अशा क्षणी समुपदेशकानं घाई करू नये. मी लगेच ‘हो’ म्हटलं नाही, कारण ते अर्धंच खरं होतं. मिरचीतलं कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला (रिसेप्टरला) जागं करतं. ती ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. जीभ पोळलेली नसते, पण पोळल्याचा निरोप मेंदूला पोहोचलेला असतो आणि ती आग अगदी खरी असते. मी तिला तेच सांगितलं: तुझं दुखणं खोटं नाही, पण इजा झाली असं धरून चालू नकोस. आणि सवयीनं तिखट सोसवू लागतं, हे तुझ्याच घरात तू करून दाखवलंयस. ही उपमा माझ्या मनात आयती नव्हती. ती तिच्या ताटातून आली, म्हणूनच लागू पडली असं मी मानते.

मग दोन चमच्यांचाच हिशोब ठेवला. आठवड्यात दोन वाक्यं, स्वतःच्या बोलीत, न पुसता.

तुमच्यापैकी कुणाची बोटं अशी अडत असतील, तर एक ध्यानात घ्या. हातात पिशवी दिसत असूनही आपण ‘काय, बाजारात वाटतं?’ विचारतो, ते माहितीसाठी नव्हे. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ मध्येच दाखवून दिलं होतं, की असल्या बोलण्याचं काम माणसं जोडलेली ठेवणं हे असतं. तिथं हुशार वाक्य लागत नाही. ‘ही साडी कशी आहे?’ या प्रश्नाला उत्तर देताना लोक अवघडतात, ‘ब्लाउज हिरवा शिवू की राणी?’ याला पटकन देतात. मात्र सगळी चेष्टा मुकाट गिळा, असं मी मुळीच म्हणत नाही. नको म्हटल्यावरही एकाच माणसाची तीच गोष्ट पुन्हा पुन्हा काढली जात असेल, तर ते हिणवणं आहे. ते ग्रुपवर न भांडता त्या माणसाला वेगळं गाठून स्पष्ट सांगावं. मुक्तानंही दिराला सांगितलं. त्याला ते आठवतही नव्हतं. पण त्यानं मनापासून माफी मागितली.

शेवटच्या भेटीत तिनं फोन माझ्यापुढे धरला. मुनिया काठाच्या पैठणीचा फोटो, खाली तिचा प्रश्न: ‘ब्लाउज राणी की मोरपंखी?’ नऊ उत्तरं आली होती, त्यातल्या दोघी आत्या आपसातच भांडत होत्या. सगळ्यांच्या खाली मुक्तानं लिहिलं होतं, ‘दुकानात गेलो की कळवतो.’