क्लासिकल काळातली तुमची आवडती स्ट्रिंग क्वार्टेट्स कोणती? नावाजलेली चार-पाच ऐकली आणि लांबणारे संथ भाग गाळले तर चालेल का?

नाही, चालणार नाही. प्रश्नाचं दुसरं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते. क्लासिकल काळ म्हणजे अठराव्या शतकाचा उत्तरार्ध, आणि त्यातल्या हायडन-मोझार्ट या संगीतकारांच्या याद्या कुठेही मिळतात. पण ‘लांबणारे भाग गाळू’ हे मी आधी एकदा ऐकलंय आणि तेव्हा गप्प बसले होते.

मी व्हायोला वाजवते, व्हायोलिनपेक्षा जरा मोठं आणि खालच्या सुरांचं वाद्य. आधी दहा वर्षं व्हायोलिन वाजवत होते, पण मुंबईत हौशी व्हायोलावाले शोधूनही सापडत नाहीत, म्हणून आमच्या चौघांच्या गटात (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो; अशाच चौघांसाठीच्या रचनेला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात) मी व्हायोला उचलला आणि परत खाली ठेवला नाही. दर रविवारी ठाण्याहून लोकलने, दादरच्या गर्दीत केस छातीशी धरून माहीमला तालमीला जायचे. पहिलं व्हायोलिन वाजवणारे आमच्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. घर त्यांचं, नोटेशनच्या प्रती त्यांच्या, त्यामुळे काय वाजवायचं तेही तेच ठरवायचे.

२०११ मध्ये एका चर्चच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम ठरला. सरांनी हायडनचं ‘एम्परर’ क्वार्टेट निवडलं, ओपस ७६ क्रमांक ३ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनांचा क्रमांक). मला आकाश ठेंगणं झालं, कारण त्याच्या दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे दुसऱ्या भागात, मुख्य धून वाजवायची व्हायोलाची पाळी येते.

ती धून हायडनने १७९७ साली सम्राट फ्रान्झच्या वाढदिवसासाठी बांधली. आज ती जर्मनीचं राष्ट्रगीत आहे. फुटबॉलच्या सामन्याआधी तुम्ही ऐकलीच असेल. क्वार्टेटमध्ये तिची चार व्हेरिएशन्स, म्हणजे तीच धून वेगवेगळ्या मांडणीत, आहेत, पण हायडन मूळ धुनीला हात लावत नाही. ती आहे तशीच राहते आणि एकेकाच्या हातात जाते. आधी पहिलं व्हायोलिन ती मांडतं. पहिल्या व्हेरिएशनमध्ये ती दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते, पहिलं तिच्याभोवती धावतं आणि आम्ही उरलेले दोघं स्वस्थ बसतो. दुसऱ्यात चेलो. तिसऱ्यात व्हायोला. चौथ्यात ती परत पहिल्या व्हायोलिनकडे येते, पण तोवर खालचे स्वर बदललेले असतात आणि तीच धून वेगळ्याच उजेडात दिसते. धून बदलतच नाही, म्हणून कान आपोआप बाकीचे काय करतात तिकडे जातात. सगळी करामत तिथे आहे.

वीस बारांची, म्हणजे तालाच्या वीस छोट्या खंडांची, धून. मी चार महिने तिच्यावर घालवले. व्हायोलाची तार व्हायोलिनपेक्षा उशिरा बोलते, त्यामुळे बो (गज) तारेवर जरा आधीच बसवावा लागतो, नाहीतर प्रत्येक स्वर मागे पडतो. शिवाय इथे लपायला जागा नसते. ना तान, ना दाणेदार जलद काम. सूर कच्चा असेल तर शेवटच्या रांगेलाही कळतो. ऑफिसातून आल्यावर रोज तासभर एवढंच वाजवायचे. शेजारच्या काकू जिन्यात तीच धून गुणगुणायला लागल्या होत्या.

आदल्या दिवशीच्या तालमीत सर म्हणाले, “दुसरं आणि तिसरं व्हेरिएशन काढू या. तीच धून परत परत ऐकून लोक कंटाळतात. लांबणारा भाग गाळला की कार्यक्रम आटोपशीर होतो.” चेलो वाजवणारा गोव्याचा मुलगा, गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे नोटेशन वाचून सूर गायचा अभ्यास, घोटलेला, त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचंही व्हेरिएशन जात होतं. मी काही बोलावं अशी त्याची अपेक्षा होती. मी बोलले नाही. सरांनी स्वतः माझ्या पानावर पेन्सिलने आडवी काट मारली.

दुसऱ्या दिवशी तसंच वाजवलं. पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, आणि थेट पुन्हा पहिलं. जेमतेम तीन मिनिटं वाचली असतील. टाळ्या पडल्या. काही गेलंय हे हॉलमध्ये कोणाच्याही लक्षात आलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त ते लागलं. वर्षभरात गट मोडला.

सरांचं एक लाडकं वाक्य होतं: व्हायोला म्हणजे साथ. हे चूक आहे आणि ते मी आज लिहून ठेवते. हायडनचं ओपस २० क्रमांक २ घ्या, १७७२ सालचं. सुरुवातीचे सहा बार पहिलं व्हायोलिन गप्प असतं. धून चेलो गातो, खालचा आधार व्हायोला सांभाळतो. चाळिशीतला हायडन तेव्हाच हे मांडून मोकळा झाला होता. सरांनी ते क्वार्टेट आम्हाला एकदाही काढू दिलं नाही. हायडनचंच ‘लार्क’ मात्र दर पावसाळ्यात, कारण त्यात खालचे तिघं ठेका धरतात आणि पहिलं व्हायोलिन वर तरंगतं. १७८४ च्या सुमारास व्हिएन्नात एका घरगुती बैठकीत हायडन पहिलं व्हायोलिन, आणि डिटर्सडॉर्फ व वानहाल हे दोन संगीतकार अनुक्रमे दुसरं व्हायोलिन आणि चेलो घेऊन बसले होते. मायकल केली या गायकाने ते आठवणींत लिहून ठेवलंय. व्हायोला कोणाच्या हातात होता? मोझार्टच्या.

आता तुमची यादी. मला विचाराल तर पहिलं नाव मोझार्टचं ए मेजर, के. ४६४ (‘के.’ म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). हायडनला अर्पण केलेल्या सहांपैकी हे पाचवं, १० जानेवारी १७८५ रोजी पुरं झालेलं. चारच दिवसांनी सहावं, ‘डिसोनन्स’, पुरं झालं आणि सगळी प्रसिद्धी त्याने नेली. ४६४ ची संथ मूव्हमेंट पुन्हा व्हेरिएशन्सचीच. त्यात एका ठिकाणी चेलो ढोलासारखा ठेका धरतो आणि मग तो ठेका वरच्या वाद्यांकडे सरकत जातो. बेथोव्हेनने या क्वार्टेटच्या नमुन्यावर आपलं ओपस १८ क्रमांक ५ बांधलं. तिथेही संथ भागात व्हेरिएशन्स. गाळण्यासारखी गोष्ट असती तर त्या माणसाने तिचा नमुना घेतला असता?

दुसरं, मोझार्टचंच डी मायनर, के. ४२१. त्याची शेवटची मूव्हमेंट व्हेरिएशन्सची आहे आणि त्यात व्हायोला पुढे येतो. मग वर सांगितलेलं ओपस २० क्रमांक २. ‘एम्परर’ हवंच, पण अख्खं. मोझार्टचं ‘हंट’ मला फार मोठं वाटत नाही, त्याच सहांमधलं सगळ्यात सोपं म्हणून ते लोकप्रिय आहे. नावांवर तर अजिबात जाऊ नका. ‘लार्क’, ‘हंट’ ही नावं संगीतकारांनी दिलेलीच नाहीत.

आता एवढं सांगायला हवं की मी व्हायोलावाली आहे, माझे कान तिकडेच जाणार. ‘लार्क’ वाईट नाही, त्याची सुरुवातीची धून खरोखर सुंदर आहे, आणि सर ती फार छान वाजवायचे. त्याच काळातला संगीतकार बोकेरिनी मी वगळला कारण त्याचं संगीत मी दोनच वेळा वाजवलंय. तो स्वतः चेलोवादक होता, त्यामुळे चेलो आवडत असेल तर तिथून सुरुवात करा. बेथोव्हेनचं ओपस १८ याच काळात धरायचं की नाही यावर वाद घालणारे भेटतील. मी धरते.

ऐकायला क्वात्युओर मोझाईक या चौघांच्या गटाची रेकॉर्डिंग्ज घ्या, ते आतड्याच्या तारांवर वाजवतात आणि चारही आवाज सुटे ऐकू येतात. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात चेलो जवळजवळ नाहीसा होतो, व्हायोला अर्धा, आणि तुम्हालाही वाटेल की पहिल्या व्हायोलिनखेरीज काही घडतच नाही. हेडफोन लावून ‘एम्परर’ची दुसरी मूव्हमेंट सुरुवातीपासून ऐका आणि धून कोणाकडे आहे ते मोजत जा. चेलोनंतर जो आवाज येतो, तो व्हायोला.