रिपोर्ट नॉर्मल, मग गुडघा का सुजलाय?

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी ५ वर्षांची आहे. दोन महिने झाले, तिचा उजवा गुडघा सुजलाय. सकाळी लंगडते, दुपारपर्यंत पळायला लागते. ईएसआर १२, सीआरपी नॉर्मल, आरए फॅक्टर निगेटिव्ह. एएनए मात्र पॉझिटिव्ह. तरी आमचे डॉक्टर संधिवात म्हणतात. घरचे म्हणतात, कुठेतरी पडली असेल. रक्तात काही नाही, तर संधिवात कसा?

उत्तर : तुमच्या पत्रात मी पहिली रेघ कशाखाली मारली सांगू? 'सकाळी लंगडते, दुपारपर्यंत पळायला लागते.' मुका मार लागलेला गुडघा सहसा खेळून झाल्यावर, संध्याकाळी कुरकुरतो. १६ वर्षांच्या आत सुरू झालेली सांध्याची सूज ६ आठवडे टिकली आणि दुसरं कारण सापडलं नाही, की आम्ही बालसंधिवात म्हणतो. या व्याख्येत ईएसआर-सीआरपी कुठेच नाहीत.

ईएसआर म्हणजे उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि भरभर खाली बसतात. सीआरपी हे दाह असताना रक्तात वाढणारं प्रथिन, ते बनतं यकृतात. म्हणजे सांध्यातल्या दाहाची खबर आधी यकृताला लागायला हवी. एकाच गुडघ्यातली आग बरेचदा तिथल्या तिथेच धुमसते. उलट नुसता अॅनिमिया असला तरी ईएसआर चढतो. आरए फॅक्टरचं म्हणाल, तर ती मोठ्यांच्या संधिवातात बरेचदा सापडणारी अँटिबॉडी; या आजाराच्या बहुतेक मुलांत तो निगेटिव्हच येतो.

मी नवी होते तेव्हा असेच कोरे रिपोर्ट बघून एका आईला 'काळजी नको' म्हणून घरी पाठवलं होतं. चार महिन्यांनी ती मुलाला घेऊन परत आली, तोवर त्याचा गुडघा पुरता सरळ होईना. तेव्हापासून फाइल नंतर उघडते, आधी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बघते. सुजलेला बहुधा जरा कोमट लागतो.

आता एएनए, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी. त्यावरून संधिवात ठरत नाही, पण संधिवात असलेल्या एवढ्या लहान मुलीत तो पॉझिटिव्ह असला, की डोळ्याच्या आत दाह होण्याचा धोका वाढतो. हा डोळा बहुधा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. नजर मात्र जाऊ शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाखालीच हा दाह दिसतो. दर ३ महिन्यांनी तपासणी लागेल, गुडघा बरा झाला तरी. पहिली तारीख याच आठवड्यात घ्या.