शिकलो त्या पुण्यात परत जाताना

इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच जाताय ना? मग शनिवार-रविवार टाळा आणि एकटे जा. मित्रांचा घोळका पुढच्या खेपेला.

नवखे हमखास चुकतात ते इथे: वसतिगृह, मेस, पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक, सगळं एका दिवसात उरकायला बघतात. एकच भाग धरा. मी मेट्रोने डेक्कनला उतरतो, फर्ग्युसन कॉलेजमागची टेकडी चढतो, मग गुडलक कॅफेत बनमस्का. चहात बुडवला की वर लोण्याचा तवंग येतो, आणि परीक्षेच्या दिवसांतली सकाळ आठवते.

वसतिगृहात थेट घुसू नका. फाटकावर विचारा, बहुतेक वेळा सोडतात.

आणि मेसच्या काकूंना आजच फोन करा. मी पुढे ढकलत राहिलो. गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं.