कंसातला नवरा

ताई, नमस्कार.

मी ३६ वर्षांची, नाशिकला गंगापूर रोडला राहते. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली होती. सात वर्षांनी आता पुण्यात चांगली नोकरी मिळाली आहे, माझ्याच टेस्टिंगच्या कामातली, हिंजवडी आयटी पार्कच्या फेज ३ ला. आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला जावं लागेल. जूनमध्ये रुजू व्हायचंय. नवरा फार सपोर्टिव्ह आहे. लगेच म्हणाला, आपण सगळेच पुण्याला जाऊ.

प्रश्न घराचा आहे. हडपसरला माझे दीर-जाऊ राहतात. त्यांच्याच सोसायटीत टू बीएचके भाड्याने मिळतोय, पुढेमागे विकतही घेता येईल. सोसायटी जुनी आहे, लिफ्ट सारखी बंद असते, पण आपली माणसं जवळ. दुसरं घरही हडपसरलाच, अमानोरा टाउनशिपजवळ, नवीन आणि छान, पण भाडं सहा हजारांनी जास्त. (नवऱ्याचं ऑफिस तिथेच जवळ, मगरपट्ट्यात आहे. तो घरूनच काम करतो, महिन्यातून दोनदा जावं लागतं.) मुलगी दुसरीत जाईल. शाळेतून आली की जाऊबाई बघतील. मला सकाळी सव्वासहाला कंपनीची बस मिळेल, रात्री आठपर्यंत घरी येईन. लवकर उठायची मला सवय आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

तुम्ही पुण्याच्या, म्हणून विचारते. या दोनपैकी कोणतं घर घ्यावं?

एक नाशिककर

*

अगं,

लिफ्टबद्दल लिहिलंस, सहा हजारांबद्दल लिहिलंस, आणि ज्यावर अख्खं पत्र उभं आहे ती गोष्ट कंसात घातलीस. महिन्यातून दोनदा! म्हणजे वर्षातून २४ वेळा ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या ऑफिसजवळ घर, आणि सुट्या, सणवार, रजा वजा जाता वर्षातले २३० दिवस जाणार असलेल्या बाईला सव्वासहाची बस. हा हिशोब तुमच्या घरात कुणी मांडला? की कुणीच मांडला नाही?

मला दोन घरांतून एक निवडायला सांगतेस. दोन्ही त्याचीच आहेत. एक त्याच्या भावाजवळचं, एक त्याच्या ऑफिसजवळचं. तुझ्या नोकरीजवळचं एकही घर तुझ्या यादीत नाही. लपवलंस असं मला वाटत नाही. ते कुणाला सुचलंच नसेल, तुझ्यासकट.

आता नकाशा काढ. हडपसर सोलापूर रस्त्याला, शहराच्या पूर्वेला. हिंजवडी मुंबई-बंगळूर महामार्गाच्या पश्चिमेला. मधे अख्खं पुणे. अंतर तीसेक किलोमीटर, म्हणजे तुला नाशिकहून सिन्नर. सिन्नरला जायला कितीसा वेळ लागतो गं? इथे मुंढवा, पुणे स्टेशन, विद्यापीठ चौक, औंध, वाकड अशी एकेक पायरी चढायची. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रोसाठी २०२० साली पाडला, तेव्हापासून त्या चौकाचं नाव काढलं की पुणेकर सुस्कारा टाकतो. तुझ्या पत्रातल्या वेळांवरून अंदाज धरते: सकाळी दीड तास, संध्याकाळी दोन. दिवसाचे साडेतीन, वर्षाचे ८०५ तास. दिवसरात्र न उतरता बसून राहिलीस तर साडेतेहतीस दिवस बसमध्ये. अख्खा श्रावण, आणि वर गणपतीतले चार दिवस.

‘मेट्रो होतेय ना’ असं घरात कुणीतरी म्हटलं असेलच. त्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. हिंजवडीजवळचं माण ते शिवाजीनगर, २३ किलोमीटर, २३ स्थानकं. त्या २३ मध्ये हडपसर नाही.

हिंजवडीच्या जागेवर आधी साखर कारखाना व्हायचा होता, ही गोष्ट शरद पवारांनी जाहीर भाषणांतून सांगितलेली आहे. कारखाना दुसरीकडे गेला आणि इथे आयटी पार्क आलं. मी म्हणते, कारखाना गेला पण चरक राहिला. सकाळी लांबून भरून आणायचं आणि संध्याकाळी चिपाड करून परत पाठवायचं. जवळ राहणारा त्यातल्या त्यात कमी पिळला जातो. तू सगळ्यात लांबून येणार आहेस.

हडपसर वाईट आहे असं मुळीच नाही. मगरपट्टा तर शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून वसवलेली जागा, महाराष्ट्रात असं क्वचित झालंय. तुझी नोकरी तिथे असती तर याच सदरात मी तिचं कौतुक केलं असतं. नाही ना तिथे?

आता तुझं दुसरं वाक्य. ‘लवकर उठायची मला सवय आहे.’

हे वाक्य मी नऊ वर्षं म्हटलंय. कोथरूडहून भोसरीला जायचे, दोन बस, मनपाला बदलायची. कुणी विचारलं की तोंडात तयार: सवय आहे. मग कावीळ झाली आणि तीन आठवडे घरी बसले. जरा बरं वाटल्यावर एके दिवशी सकाळी दहाला कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले. नऊ वर्षं त्याच्याकडचं दूध पीत होतो आम्ही. त्या माणसाने पिशवी देताना अगदी अगत्याने विचारलं, ‘ताई, कुणाकडे आलात?’ मी म्हटलं, ‘समोर, तिसऱ्या मजल्यावर.’ खोटं नव्हतं ते. आमचाच मजला होता. पण माझी गल्ली दिवसाउजेडी कशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं, आणि गल्लीला मी ठाऊक नव्हते. सगळे म्हणत, चांगल्या वस्तीत राहता हो तुम्ही. राहत होते ती माझी सासू आणि मुलगा. मी फक्त झोपायला यायचे.

म्हणून वस्ती कशी आहे, माणसं जवळ आहेत का, हे तू विचारतेस तेव्हा मला आधी हे कळायला हवं की ती माणसं तुला दिसणार कधी. रात्री आठला येऊन, जेवून, डबे घासून, सव्वापाचचा गजर लावणारी बाई जाऊबाईंशी कधी बोलणार आहे? त्यांची सोसायटी तुझ्या नवऱ्याला आणि लेकीला जवळची. तुला ती एक बंद लिफ्ट.

जाऊबाईंचं निघालंच आहे तर सांगते. ‘जाऊबाई बघतील’ असं तू लिहिलंस. ‘बघते म्हणाल्या’ असं लिहिलं नाहीस. त्यांना विचारलंय का? की दिरांनी परस्पर सांगितलं, ‘हिचं काय, घरीच असते’? आणि मला हे कळत नाही की दुपारी मुलगी शाळेतून येते तेव्हा तिचा बाप त्याच घरात, आतल्या खोलीत बसलेला आहे. महिन्यातले दोन दिवस सोडून रोज. तो कॉलवर असतो, मान्य. कॉल म्यूट करून दूध गरम करता येतं. दुसरीतल्या मुलीला काय लागतं? दार उघडायला कुणीतरी, खायला काहीतरी, आणि बाईंनी आज काय केलं ते ऐकणारा एक कान. एवढ्यासाठी एका बाईने रोज साडेतीन तास प्रवास करायचा आणि दुसरीने न विचारता पाळणाघर चालवायचं, म्हणजे घरात बसलेल्या पुरुषाला उठावं लागू नये?

तो सपोर्टिव्ह आहे म्हणतेस. लगेच म्हणाला, सगळेच पुण्याला जाऊ. अगं, त्याचं ऑफिस पुण्यात, भाऊ पुण्यात, काम घरून. यात त्याने सोडलं काय? अशा वेळी ‘तो वाईट नाही, त्याचीही बाजू समजून घे’ असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. त्याची बाजू समजून घेऊन घेऊनच तुझी यादी अशी झाली आहे.

यापुढे काय होतं तेही सांगते, कारण हे मी माझ्या आजूबाजूला इतक्यांदा पाहिलंय की महिना सांगू शकते. जूनमध्ये तू रुजू होशील. जुलैत पाऊस, बस अडकेल, साडेनऊला घरी येशील. गणपतीत गौरींना रजा मागशील आणि नवीन म्हणून मिळणार नाही. नवरात्रात मुलीला ताप येईल. दिवाळीच्या आसपास, तू फराळाचं सामान काढत असताना, तो मायेनेच म्हणेल, ‘तुला झेपत नसेल तर सोड. पैशांची काही अडचण नाही आपल्याला.’ आणि तू सोडशील. मग सगळे म्हणतील, संधी मिळाली होती पण तिला झेपलं नाही. तूही तेच म्हणशील. नोकरी खाल्ली विद्यापीठ चौकाने, आणि नाव मात्र तुझं लागेल. सात वर्षांनी दार उघडलंय गं. ते बंद झालं तर पुढचं कधी उघडेल?

म्हणून दोन्ही घरं नाही. दिरांचं नाही, अमानोराजवळचं नाही. घर महामार्गाच्या पलीकडे घ्यायचं. माझी अट एवढीच: ऑफिसला जाताना तुला महामार्ग ओलांडावा लागता कामा नये. नुसतं ‘हिंजवडीजवळ’ म्हणालीस तर एजंट तुला वाकडला नेईल. वाकड छान आहे, बाजार, दवाखाने, सगळं हाताशी. पण ते महामार्गाच्या अलीकडे. महामार्गालगतच्या भूमकर चौकात सकाळी नऊला उभी राहिलीस की दोन किलोमीटर म्हणजे काय ते कळेल. तू मारुंजी बघ, हिंजवडी गावाच्या बाजूला बघ, फेज ३ कडे माणला बघ. शाळेच्या बस त्या भागात फिरतात. फी ऐकून चक्कर येईल, पण ती हडपसरलाही आली असती.

तिथली दुखरी नस पाणी. मुळात गावं ही, टोलेजंग इमारती नंतर आल्या आणि नळ मागे राहिले. फ्लॅट बघायला गेलीस की स्वयंपाकघराच्या टाइल्स नंतर बघ. एजंट फोनवर बोलत असेल तेवढ्यात गेटवरच्या वॉचमनला विचार, दिवसाला टँकर किती येतात आणि मे महिन्यात किती येतात. तो खरं सांगतो, त्याला दलाली मिळायची नसते. पावसाळ्यात फेजचे रस्ते तुंबतात, तेही खरं आहे. तुंबू देत. पाच किलोमीटरचा तुंबलेला रस्ता आणि तीस किलोमीटरचा, यात फरक आहे.

करार अकरा महिन्यांचा, आणि नोंदणी केलेला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे करार नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. ‘नोटरी केलं की पुरे’ म्हणणाऱ्या मालकाकडून चहासुद्धा घेऊ नकोस. करारात भाडेकरू म्हणून नाव तुझं घाल. पोलिसांकडची भाडेकरूची नोंद तेवढ्यात उरकून घे. आणि ‘पुढेमागे विकत’ हा विषय अकरा महिने घरात निघता कामा नये. भावाच्या सोसायटीत एकदा गृहकर्ज काढलंत की पुढची वीस वर्षं तुझ्या प्रत्येक नोकरीचं अंतर हडपसरपासून मोजलं जाईल.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. नाशिकहून येणारी गाडी नाशिक फाट्यावर सोडलीस की वाकडला थेट रस्ता आहे. तिथून महामार्गापलीकडे गेलीस की तुझं घर. नाशिकच्या माणसांचं तू पत्रात एका शब्दाने लिहिलं नाहीस, दिरांचं लिहिलंस. तिकडून तुला भेटायला कुणी येणार असेल, तर त्यालाही हडपसरपर्यंत शहर ओलांडायला लावू नकोस.

घरात हे कसं मांडायचं, तेही लिहिते, कारण तू ‘तुला काय वाटतं?’ अशी सुरुवात करशील आणि तिथेच हरशील. विचारू नकोस. सांग. ‘शनिवारी मी घरं बघायला मारुंजीला जातेय, येतोस का?’ तो म्हणेल, ‘पण माझं ऑफिस?’ तेव्हा कंसातलं वाक्य कंसाबाहेर काढून त्याच्यासमोर ठेव. महिन्यातून दोनदा. आणि गप्प राहा. पुढचं त्याला बोलू दे.

दीर-जावेशी तुटायचं काही कारण नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी जा त्यांच्याकडे, जेवा, जाऊबाईंना स्वयंपाकात मदत कर, मुलांना खेळू दे. संध्याकाळी परत निघालात की गाडी त्याला चालवू दे. मुंढव्यावरून, स्टेशनवरून, विद्यापीठ चौकातून. तू मागे मुलीला मांडीवर घेऊन झोप.